डोळे मिटून ऐकणाऱ्या मॅडम

मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो शिक्षणाबद्दल नव्हता आणि कामाच्या अनुभवाबद्दलही नव्हता. दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मी सहाय्यक दिग्दर्शकाच्या कामासाठी भेटायला गेले होते. घरात खुर्च्या होत्या, पण मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर स्टीलचा डबा, डब्यात दहीभात. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझ्या आईवडलांचं शेवटचं भांडण कशावरून झालं?"

मला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग म्हटलं, "बुद्धाच्या मूर्तीवरून."

आता त्यांनी वर बघितलं. मला सांगणं भाग पडलं. आमची वरळीची बीडीडी चाळ पाडायला घेतली, तेव्हा नवीन इमारत होईपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलो. सामान लावताना पप्पा म्हणाले, मूर्ती दारासमोरच पाहिजे, आल्यागेल्याला दिसली पाहिजे. आई म्हणाली, दाराशी चपला असतात, तिथे नको. दोघंही शांत माणसं. पुढचे काही दिवस अगदी शांतपणे एकमेकांशी बोलली नाहीत.

"मग?"

"मग आईनं चपलांचं स्टँड बाहेर जिन्यात नेऊन ठेवलं."

मॅडम हसल्या नाहीत. बोटाला लागलेला भात चाटून म्हणाल्या, "म्हणजे मूर्तीवरून नव्हतंच. चाळ सुटली, आता हे घर कोणाच्या म्हणण्याप्रमाणे चालणार, त्यावरून होतं. उद्यापासून ये."

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या. कॅमेरामनला विचारला, मेकअपवाल्याला विचारला, गाडी भाड्यानं देणाऱ्यालासुद्धा विचारला. हिशेबाच्या कामासाठी आलेला एक सज्जन माणूस म्हणाला, "आमच्यात भांडणं होत नाहीत, मॅडम." त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मी विचारलं, तो तर सगळ्यात चांगला होता, का नाही घेतला? म्हणाल्या, "घरात बायको भांडतेय ते ज्याला ऐकू येत नाही, त्याला माझ्या सिनेमातलं काय ऐकू येणार?"

सिनेमा नवरा-बायकोच्या भांडणावरचाच होता. दादरचं एक जोडपं लहान मुलीला घेऊन स्वतःच्या गाडीनं कोकणात सुट्टीला जातं. खूप दिवसांनी सगळे एकत्र, हॉटेल बुक केलेलं, मुलीसाठी नवीन टोपी. आणि निघाल्यापासून दोघांच्याही मनात एकच विचार, हा माणूस आपल्या आयुष्यात नसता तर. हे कोणी बोलून दाखवत नाही. नवरा कड्यावर बायकोचा फोटो काढतो आणि म्हणतो, "अजून थोडी मागे. अजून थोडी." बायको मागे जाते, खाली बघते आणि म्हणते, "तुझं होऊ दे सावकाश." स्क्रिप्ट वाचताना मला पहिल्यांदा या ठिकाणी हसू आलं आणि लगेच आपण का हसलो याची भीती वाटली. मॅडमना नेमकं तेच पाहिजे होतं.

त्यांचा एक नियम होता. त्यांच्या सिनेमात भांडताना कोणी आवाज चढवायचा नाही. "आवाज चढला की बघणारा सुटतो. तो म्हणतो, आमच्याकडे असं नसतं. हळू बोला, म्हणजे त्याला स्वतःचं घर ऐकू येईल."

असलं हळू बोलणं गोळा करायला त्या रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या. फिरायला येणाऱ्या जोडप्यांतलं एखादं हेरायचं आणि त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच वेगानं चालायचं. मलाही बरोबर न्यायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा एक आजोबा थांबून वळले आणि म्हणाले, "तुम्हाला काही पाहिजे आहे का?"

"नाही, नाही, तुम्ही बोला," मॅडम म्हणाल्या. "त्या सांगत होत्या, तुमच्या बहिणीनं लग्नात त्यांना शेवटी जेवायला बसवलं."

आजोबा बघतच राहिले. आजी नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "बघा. तिला मागून ऐकू आलं. तुम्हाला शेजारून इतकी वर्षं नाही आलं." ते वाक्य सिनेमात जसंच्या तसं आहे.

सिनेमाचं साउंड करायला सर होते. हे सर म्हणजे मॅडमचे आधीचे नवरे. घटस्फोट होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण दोघं त्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. मॅडम तिसऱ्या मजल्यावर, सर पहिल्या. मुलगी सानिका लहान होती तेव्हा तिला आईही मिळावी आणि बापही, म्हणून ही सोय केलेली. ती दुपारी खाली जेवायची आणि संध्याकाळी वर. आता ती पुण्याला नोकरी करत होती, तरी सोय तशीच राहिली होती. बिल्डिंगमध्ये सगळे धरून चालले होते की सरांनीच मॅडमना सोडलं. सरांनी ते कधी खोडून काढलं नाही आणि मॅडमनीही नाही.

ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. काम मात्र एकत्र करत. सेटवर दोघं हाताच्या अंतरावर उभे असायचे आणि मधे मी.

"त्यांना सांग, माईक फ्रेममध्ये येतोय."

मी वळायचे. सरांनी ऐकलेलंच असायचं. "त्यांना सांग, फ्रेम नको तेवढी मोठी लावलीय."

"त्यांना सांग, फ्रेम माझी आहे."

"त्यांना सांग, माहीत आहे."

युनिटला याची गंमत वाटायची. मला वाटायची नाही, कारण दोघांचे राग माझ्यातून जायचे. संध्याकाळी घरी गेले की आई विचारायची, "आज कोणाशी भांडून आलीस?" मी म्हणायचे, "मी नाही गं. माझ्यामार्फत भांडले."

मग सरांनाच का घेतलं? कारण मॅडम शॉट चालू असताना डोळे मिटून घ्यायच्या. मॉनिटर समोर असायचा, त्या त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. कानात हेडफोन, डोळे बंद, हात मांडीवर. त्यांचं म्हणणं असं, की चेहऱ्याला खोटं बोलता येतं, श्वासाला येत नाही. बायको "मी ठीक आहे" म्हणते त्याच्या आधी ती श्वास कसा घेते, त्यावर सगळा सीन. आणि तो श्वास पकडणारा माणूस मुंबईत एकच आहे, असं त्या म्हणायच्या. नाव घेत नसत. "खालचे," एवढंच म्हणायच्या.

आता परळच्या त्या दिवसाबद्दल सांगते.

घाटात जाऊन गाडीतले सगळे सीन करणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून परळला एका बंद गिरणीच्या शेडमध्ये आमचा घाट उभा केला होता. मधोमध गाडी, मागे मोठ्या पडद्यावर सरकणारा रस्ता, आणि बंपर धरून गाडी हलवणारी दोन माणसं. आवाज नको म्हणून पंखे बंद. मे महिना. सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले.

सीन असा लिहिला होता. मुलीला गाडी लागते. बायको तिला घेऊन घाटात उतरते. नवरा आत बसलेला असतो. तो एकदा आरशात बघतो, गाडी चालू करतो आणि दोघींना तिथे सोडून निघून जातो. मग बऱ्याच वेळानं परत येतो, आणि काही झालंच नाही असे सगळे पुढे जातात.

शॉट चांगला झाला. नवऱ्याचं काम करणारा नट आरशात बघून इतका साधा निघून गेला की माझ्या अंगावर काटा आला. मॅडमनी डोळे मिटूनच म्हटलं, "मला ओके. त्यांना विचार, साउंड?"

सरांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "त्यांना सांग, साउंड ओके आहे. पण मी हा शॉट देणार नाही."

"का, विचार."

सर माझ्याकडे बघत होते, पण बोलत माझ्याशी नव्हते. "त्यांना सांग, खोटं आहे म्हणून."

मी मॅडमकडे वळले. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे उघडले होते आणि त्या सरळ सरांकडे बघत होत्या.

"सिनेमा आहे," त्या म्हणाल्या. "सगळंच खोटं असतं."

गेले कित्येक महिने मी या दोघांच्या मधे उभी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला बाजूला व्हावंसं वाटलं आणि मी झाले.

"बाकी सगळं खरं घेतलंयस," सर म्हणाले. "फोटोसकट. हॉटेलच्या चादरीसकट. फक्त हे उलटं केलंयस. गाडी मी नेली नव्हती. तू नेलीस. पोरीला घेऊन कठड्यावर मी बसलो होतो."

शेडमध्ये कोणी हललं नाही. गाडी हलवणारी माणसं बंपरवर हात ठेवून तशीच उभी.

"सगळी बिल्डिंग म्हणते, यानं सोडलं," सर म्हणाले. आवाज जराही चढलेला नव्हता. "म्हणू दे. मी काही बोललो नाही. पण आता ते हेडफोन लावून, लेव्हल बघून, मीच रेकॉर्ड करू?"

मॅडम जमिनीवरून उठल्या. "ठीक आहे. सरळ करते. बायको गाडी नेईल. पण मग ती का नेते ते दाखवावं लागेल. त्याच्या आधी तू काय बोललास ते."

सरांनी गळ्यातल्या हेडफोनची वायर हातात धरली.

"ते मला लिहायचं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून गाडी तुला दिली."

नवऱ्याचं काम करणारा नट स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसला होता. उतरावं की नाही, त्याला कळत नव्हतं. घाम त्याच्या कानामागून खाली येत होता, पण पुसायलाही तो हात उचलेना. सरांनी बराच वेळ जमिनीवरच्या वायरींकडे बघितलं. मग हेडफोन पुन्हा कानाला लावला.

"घाल," म्हणाले.

मॅडमनी काही लिहिलं नाही. त्या गाडीच्या खिडकीशी गेल्या आणि वाकून नटाला वाक्य सांगितलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं. "तुला पोर सांभाळता येत नाही, घर येत नाही, सिनेमा तर येतच नाही. तू नेमकी कशासाठी आहेस?"

नट म्हणाला, "चिडून बोलू?"

"नाही. पुढे उजवीकडे वळायचंय का, असं विचारतो ना, तसं."

मग नवरा मुलीला घेऊन उतरतो, आणि बायको सरकून ड्रायव्हरच्या सीटवर येते. तो सीन आम्ही पुन्हा पुन्हा केला. प्रत्येक वेळी मॅडम मिटल्या डोळ्यांनी म्हणायच्या, "अजून हळू." प्रत्येक वेळी ते वाक्य सरांच्या कानात जायचं. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटच्या टेकला नट इतका हळू बोलला की मला नुसते ओठ दिसले.

सरांनी हेडफोन काढला. "त्यांना सांग," ते मला म्हणाले, "साउंड ओके."

नंतर पॅकअपच्या गडबडीत नायिकेनं विचारलं, "मॅडम, मग मी परत का येते? एवढं झाल्यावर?"

"येतेस. पुढच्या सीनमध्ये तिघं एकत्र जेवतायत."

"पण का?"

"ते लोकांना कळायची गरज नाही," असं म्हणून मॅडम निघून गेल्या. कुठल्याही प्रश्नाला त्यांनी अशी बगल दिलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

सिनेमा पुरा झाल्यावर परळलाच एका लहान थिएटरात आमच्या माणसांसाठी खेळ ठेवला. सानिका पुण्याहून आली. आईवडलांच्या बरोबर मधे बसली. फोटोच्या सीनला लोक खूप हसले. सानिकाही हसली. मग घाट आला. ते वाक्य आलं. मागच्या रांगेत कोणीतरी सवयीनं हसलं आणि मधेच थांबलं. बायको गाडी घेऊन गेली. पडद्यावर कठड्याशी नवरा आणि मुलगी उभे, आणि मुलगी विचारते, "आई कुठे गेली?"

"पेट्रोल भरायला."

मी सानिकाकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. तिनं पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

बाहेर फुटपाथवर आल्यावर ती बापाला म्हणाली, "पेट्रोल भरायला गेली होती आई. मला आठवतंय. आपण ट्रक बघत बसलो होतो."

"मी तसं सांगितलं होतं तुला," सर म्हणाले.

ती आईकडे वळली. "तू परत येणार होतीस ना?"

समोरून बस गेली, तिच्यामागे टॅक्सी गेल्या. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, एवढंच तर म्हणायचंय.

"निघाले तेव्हा नाही," मॅडम म्हणाल्या.

सानिकानं मान हलवली, जणू कोणी रस्ता सांगितला. "सिनेमातून काढ ते."

"नाही काढणार."

"मी सांगतेय तरी?"

"मी सांगतोय, काढू नको," सर मधे बोलले. "तू ते काढलंस तर माझं वाक्यही निघतं. मला ते निघायला नकोय. मी ते बोललो होतो."

सानिका दोघांकडे बघत राहिली. मग टॅक्सीला हात करून एकटीच निघून गेली.

सिनेमा मोबाइलवर आला, घरोघरी बघितला गेला. लोकांना आवडला. बिल्डिंगमध्येही सगळ्यांनी बघितला, आणि काय काय खरं आहे ते त्यांचं त्यांनी ठरवलं. समोरच्या काकू दर गणपतीला मॅडमना मोदक पाठवायच्या, बिचारीला नवऱ्यानं टाकलंय म्हणून. त्या वर्षी मोदकांचं ताट पहिल्या मजल्यावर गेलं. मॅडम म्हणाल्या, "खालच्यांना गोड चालत नाही, डॉक्टरनं बंद केलंय."

पण त्या बदलल्या. सकाळच्या फेऱ्या चालू होत्या, फक्त आता त्या भरभर चालायच्या. समोर जोडपं दिसलं की त्यांना ओलांडून पुढे निघून जायच्या. नवीन माणूस कामाला आला तर विचारायच्या, "कुठे राहतोस?" सानिकाचा फोन येत नव्हता. दिवाळीला ती आली ती पहिल्या मजल्यावर, आणि तिथूनच परत गेली. मॅडम त्या दिवशी जिन्याच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून बसल्या होत्या. मी फराळ द्यायला गेले होते म्हणून मला माहीत. खालून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मॅडमचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर होळीच्या सुमारास एका दुपारी आम्ही नवीन स्क्रिप्ट घेऊन बसलो होतो आणि बेल वाजली. दारात सानिका. खांद्याला बॅग. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "तू बस गं. तुला सगळं माहीतच आहे." आत आली, पण बसली नाही.

"एकच विचारायचंय," ती आईला म्हणाली. "खोटं सांगायचं असेल तर सांगूच नकोस. जाताना परत यायचं नव्हतं. मग वळलीस कुठे? का?"

मॅडमनी कागद बाजूला ठेवले. मला वाटलं, आता त्या आईच्या मायेबद्दल काहीतरी बोलतील. कोणीही बोललं असतं. माझ्या आईनंही तेच सांगितलं असतं, आणि मला ते पुरलं असतं.

"घाट उतरल्यावर एक गाव लागलं," मॅडम म्हणाल्या. "मला भूक लागली होती. खरं सांगू, मला बरं वाटत होतं. गाडीत कोणी नव्हतं. काच खाली केली होती. वाटलं, असंच जात राहावं. एका हातगाडीवर वडापाववाला वडे तळत होता. मी थांबले. त्यानं विचारलं, किती देऊ?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी तीन म्हणाले. विचार करून नाही. तोंडातून तीनच आलं. त्यानं बांधून दिले. मग काय करणार, गार व्हायच्या आत पोचवायला पाहिजे होते."

सानिका खूप हळू म्हणाली, "तिखट होता. बाबानं मला वडा काढून नुसता पाव दिला."

"हो. वडा त्यानं खाल्ला. मला वाटलं, फेकून देईल."

"हे सिनेमात का नाही घातलंस? एवढं घातलं असतंस तर कोणी तुला काही म्हटलं नसतं."

"लोक हसले असते," मॅडम म्हणाल्या. "सगळा सिनेमा हसायलाच केला होता. फक्त तिथे कोणी हसलेलं मला नको होतं."

सानिकानं खांद्यावरची बॅग काढली आणि खाली, आईशेजारी जमिनीवर ठेवली.